तुपाला कुलूप

भासऱ्यांनी, माझ्या मोठ्या दिरांनी, जावेच्या तोंडात बोटं घातली आणि तिच्या गालातला घास बाहेर ओढून काढला. भाकरीचा तुकडा आणि तेल टाकून कालवलेली जवसाची चटणी. तो काळपट, ओशट लोळा त्यांच्या बोटांना चिकटून बाहेर आला तेव्हा त्याला रक्त लागलेलं होतं. मला आधी वाटलं, तिची हिरडी फुटली. मग दिसलं की रक्त त्यांच्या बोटाचं आहे. तिने दात आवळले होते. त्यांनी दुसऱ्या हाताने तिच्या कानाखाली मारली. ती चुलीशेजारच्या पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगावर जाऊन पडली, पोट दोन्ही हातांनी धरून. तिला सातवा महिना होता.

"किती खेपा सांगतलं तुले," भासरे म्हणाले. "तेलकट खायचं नाही म्हणून."

तोंडात जे उरलं होतं ते जावेने चावलं आणि त्यांच्याकडे बघत गिळलं. त्याबद्दल आणखी एक बसली.

त्या घरात येऊन मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. राळेगाव तालुक्यातलं गाव. घरचं शेत, कापूस, सोयाबीन, बांधाला तूर. गोठ्यात दोन म्हशी आणि बैलजोडी. घरात सासू, तिचा मोठा मुलगा म्हणजे माझे भासरे, त्यांची बायको, माझा नवरा आणि मी. सासरे मी फोटोतच पाहिले. भासऱ्यांशी मी बोलत नसे. डोक्यावर पदर घ्यायचा, ते आले की बाजूला व्हायचं, काही हवं असेल तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचं, ही तिथली रीत. त्यामुळे त्या दिवशीही मी भिंतीलाच सांगितलं, "पोटात लेकरू आहे." भिंतीने ऐकलं असेल.

घरात नियम सासूचा होता आणि तो अमलात आणणारा हात भासऱ्यांचा. सुनेला दिवस गेल्याचं कळलं की तिचं तेल-तूप बंद. कोरडी भाकर, फोडणीशिवायचं बेसन, पाण्यासारखं वरण, लोणी काढून घेतलेलं ताक. फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, नाहीत, तीळ नाहीत. दोन म्हशींच्या दुधाचं तूप सासू अंगणातल्या चुलीवर कढवायची, बरणीत भरायची आणि बरणी पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावायची. किल्ली कमरेच्या चंचीत, सुपारीच्या शेजारी. "तुपा-तेलानं पोर फुगते," ती म्हणायची. "पोर फुगलं का बाई अडते. अडली का मेली."

बाळंतपण सोपं जावं म्हणून शेवटच्या महिन्यांत बाईने कमी खावं, असं आमच्याकडे अनेक घरांत म्हणतात. पण बोलून सोडून देतात, बायका लपूनछपून खातात, आणि लोकही बघून न बघितल्यासारखं करतात. आमच्या घरात मात्र तोंडातून घास काढत होते. असं का, ते मला जावेनेच सांगितलं. कापूस वेचताना, सासू चार ओळी पुढे असताना.

"यायची एक बहीण होती," ती म्हणाली. "पयल्या बाळंतपणाले इथंच आलती. आईनं तिले स्वतःच्या हातानं तूप चारलं. फल्लीचे लाडू, डिंकाचे लाडू, काय काय. अन् ते अडली. दवाखान्यात नेता नेता रस्त्यातच गेली. लेकरूबी गेलं. तवापासून हे कुलूप."

"मग भाऊजींना एवढा राग काहून?"

"त्यायची लाडाची होती ना बहीण," जाऊ म्हणाली. हाताने बोंड सोलत राहिली. मग म्हणाली, "मले समजते त्यायचं दुख. पन मले भूक लागते व."

माझ्या जावेला आई नव्हती, ती लहान असतानाच वारलेली. म्हणून बाळंतपणाला जायला माहेर असं उरलं नव्हतं. उंच, हाडापेराने मोठी बाई, पण त्या महिन्यांत तिच्या अंगावरचं सगळं आतल्या आत कोणी खरवडून घेत असल्यासारखी ती झाली. टाचा फाटल्या, केस फणीत गुंत्याने येऊ लागले. पोट तेवढं पुढे आणि दंडांची कातडी लोंबलेली. आरोग्य केंद्रात वजन घेतलं की नर्सबाई म्हणायच्या, वाढत नाही. सासू म्हणायची, "चांगलं हाय. लहान लेकरू पटकन् होते."

माझ्या माहेरी, फुलसावंगीला, उलटं होतं. माझी वहिनी गरोदर असताना माझी आई तिला तळ्यातले बारीक मासे डोक्यासकट रांधून द्यायची, उकडलेली अंडी द्यायची, आणि जेवणात जवसाची चटणी असायचीच. कुणी शिकवलेलं नव्हतं. "दोन जिवांचं अंग कोरडं पडू देऊ नये," एवढंच आईचं म्हणणं. सासरी वारकऱ्यांची माळ होती, मासे-अंडी घरात येत नव्हती. पण जवस शेतातलेच होते. सासू शेतात गेली की मी ते भाजायची, खलबत्त्यात कुटायची, लाल तिखट आणि मीठ टाकून डबीत भरायची. ती डबी जावेच्या उशाशी, जुन्या लुगड्यांच्या गठ्ठ्यात असायची. त्या दिवशी तेलाचा वास तिला नडला.

तेव्हा मलाही दिवस गेले होते. हे फक्त तिला माहीत होतं. मी गोठ्यामागे जाऊन ओकत असताना तिने मला धरलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "सांगू नको कोनाले. जितके दिवस खाता येते तितके दिवस खाय."

नवऱ्याला मी नंतर सांगितलं. तो आनंदला, मग उठून दार लोटून आला. "दादाच्या तोंडाले कोण लागन," म्हणाला. माझा नवरा वाईट माणूस नव्हता, पण मोठ्या भावाने आवाज चढवला की त्याचे हात जागच्या जागी लोंबकळायचे. मला त्या हातांचाच जास्त राग यायचा.

दिवाळी होऊन काही दिवस झाले होते. दुपार कलली होती. सासू अंगणात तूप कढवत होती आणि वासाने सगळं घर भरून गेलं होतं. लोणी कढून खाली बेरी बसायला लागली की येतो तो वास. जाऊ ओसरीवर तूर निवडत बसली होती. तिचे हात थांबले होते. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. म्हैस दावं तोडून बाहेर निघाली म्हणून सासू उठून गोठ्याकडे धावली, आणि तेवढ्यात जावेने टोपलीतली भाकर घेतली, चुलीपाशी गेली, अख्खी चतकोर त्या कढत तुपात बुडवली आणि तोंडात घातली. तिची जीभ भाजली असणार. डोळ्यांतून पाणी आलं. तरी ती खात होती. दुसरा तुकडा बुडवला.

भासरे म्हशीला धरायला म्हणून मागच्या दाराने आले होते. त्यांनी तिला केसांनी धरलं.

"खाय," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, हे मला अजून आठवतं. "खाय अजून. पोटभर खाय." आणि तिची मान वाकवून तोंड त्या कढईवर नेलं.

तिने दोन्ही हात पुढे करून कढईला धक्का दिला. कढई कलंडली. तूप अंगणभर पसरलं, तिच्या पायांवर आलं. ती ओरडून मागे सरली, तुपावरून पाय घसरला आणि ओट्याच्या कडेवर कुशीवर आपटली. भासऱ्यांनी ढिगातला पऱ्हाटीचा फोक उचलला. पाठीवर, मांड्यांवर, हातांवर. फोक मोडला तेव्हा लाथ मारली, कमरेत. मी त्यांचा शर्ट मागून धरला आणि पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले. "सोडा तिला. मरेल ती." त्यांचं कोपर माझ्या तोंडावर आलं. ओठ फाटला. मी पोट सांभाळून खाली बसले आणि ओरडले, "माझ्याही पोटात आहे हो."

ते ऐकून सासू गोठ्याच्या दारातच थांबली. आणि तिच्या मागे उभ्या माझ्या नवऱ्याचे हात हलले. त्याने मागून भावाच्या कमरेला मिठी घातली आणि त्यांना ओढत ओढत अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. दोघं भाऊ तिथे मातीत पडून एकमेकांना मारत राहिले.

जाऊ उठायला गेली आणि तिच्या पायांखालचं तूप पाण्याने पांढरट झालं. "पानी गेलं माझं," ती म्हणाली.

शेजाऱ्याचा पिकअप होता. मागे गोणपाट टाकून तिला निजवलं, मी आणि सासू दोन्ही बाजूंना. राळेगावला तपासलं आणि म्हणाले, दिवस भरलेले नाहीत, यवतमाळला न्या. कळंबच्या पुढे तिने माझा हात इतक्या जोरात आवळला की माझ्या बांगड्या फुटून दोघींच्या मनगटात घुसल्या. सासू एकच वाक्य पुटपुटत होती. "रस्त्यात नको, देवा. रस्त्यात नको."

रस्त्यात झालं नाही. दवाखान्यात पोचल्यावर थोड्या वेळाने मुलगा झाला. जिवंत, पण एवढासा की त्याच्या दंडात माझी अंगठी सहज गेली असती. लालसर, पारदर्शक कातडी, तिच्याखाली चरबीचा एक पदरही नाही. कानांच्या पाळ्या कागदासारख्या दुमडलेल्या. त्याला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं.

डॉक्टरीण तरुण होती. जावेच्या पाठीवरचे वळ बघून तिने विचारलं, "हे कशाने झालं?"

"घसरली," सासू म्हणाली.

"मारलं," जाऊ म्हणाली.

डॉक्टरणीने तसं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आम्हाला पेटीजवळ बोलावलं. भासरेही आले होते, एस.टी.ने. दाराशी उभे होते, हात पाठीमागे बांधून, एक डोळा सुजलेला.

"याचे शेवटचे आठवडे आईच्या पोटात व्हायला हवे होते," डॉक्टरीण म्हणाली. "त्या आठवड्यांत आईच्या अंगातून बाळाकडे चरबी जाते. कातडीखाली जाते, आणि मेंदूत जाते. मेंदूचा बराचसा भाग चरबीचाच बनलेला असतो. डोळ्यांच्या आतला पडदासुद्धा तिच्याशिवाय नीट होत नाही. ते सगळं घेण्याआधीच हा बाहेर आला. आता ते आईच्या दुधातून द्यायचं. आईला काय खायला देता तुम्ही?"

मग सासूनेच सांगितलं. कोरडी भाकर आणि पाणीदार वरण. आणि का, तेही. आपल्या मुलीची सगळी गोष्ट तिने त्या काचेच्या पेटीवर हात ठेवून सांगितली. लाडू सांगितले, तूप सांगितलं. "मीच मारली तिले," म्हणाली. "तूप चारू चारू मारली."

डॉक्टरणीने मध्येच विचारलं, "अडली म्हणजे नेमकं काय झालं? डोकं अडकलं होतं?"

"नाही. हात आलता ना आधी. एक हात बाहेर आलता. नुसता हातच दिसे."

डॉक्टरीण अगदी हळू बोलली. "आजी, हात आधी आला म्हणजे बाळ आडवं होतं. तुपाने बाळ आडवं होत नाही. लहान असलं तरी होऊ शकतं, मोठं असलं तरी. तुमच्या लाडवांनी काही झालं नाही. तिला ऑपरेशन हवं होतं, तेही लवकर. हात दिसल्यावर तिला निघायला किती वेळ लागला?"

तिने विचारायचं म्हणून विचारलं होतं. पण सासूने मान वळवून दाराकडे बघितलं. मीही बघितलं. भासऱ्यांचा चेहरा सुजेच्या खाली राखेसारखा झाला होता. ते वळले आणि निघून गेले.

सासू फरशीवर बसली आणि तिने स्वतःच्या थोबाडात मारून घ्यायला सुरुवात केली. एक उजव्या हाताने, एक डाव्या हाताने, जोरजोरात, जात्याच्या लयीत. डॉक्टरणीने आणि मी मिळून तिचे हात धरले. त्या म्हाताऱ्या हातांत किती जोर होता ते मला त्या दिवशी कळलं.

पुढचे कितीतरी दिवस आम्ही तिघी यवतमाळला होतो. बाळाला चोखता येत नव्हतं. जाऊ दूध पिळून वाटीत काढायची आणि नर्स ते नळीने त्याला पाजायची. सुरुवातीला वाटीचा तळही झाकत नसे. नर्सने तिला शिकवलं की एका बाजूचं अर्धवट सोडायचं नाही, शेवटपर्यंत काढायचं. "आधी येतं ते पातळ असतं," ती म्हणाली, "मागून येतं ते घट्ट. साय त्यातच असते. याला तेच जास्त लागतं." जाऊ दात ओठांत रोवून शेवटच्या थेंबापर्यंत पिळायची. छातीला जखमा झाल्या. तुपाने भाजलेल्या पायांवर फोड होते, पाठ टेकवत नव्हती. ती कुशीवर झोपायची आणि वेळ झाली की पुन्हा उठून बसायची.

सासूचं त्या दिवसांत काय झालं ते सांगणं अवघड आहे. तिने माझ्या नवऱ्याला गावी पाठवून पेटीतली बरणी मागवली. खिचडीवर तूप, भातावर तूप, जवसाची चटणी, फल्लीचे लाडू. ज्या हाताने इतकी वर्षं कुलूप लावलं त्याच हाताने ती जावेच्या तोंडात कोंबायला लागली. जावेचं पोट भरलेलं असलं तरी जबडा धरून भरवायची. "खाय. गीळ." एकदा जावेने तिचा हात झटकला, लाडू भिंतीवर जाऊन फुटला.

"आधी मारू मारू उपाशी ठेवलं," ती म्हणाली, "आता मारू मारू चारता काय? मी माझ्या हातानं खाईन."

सासू भिंतीजवळचे तुकडे वेचत बसली. त्यानंतर ती ताट समोर ठेवायची आणि बाजूला सरकायची.

बाळाला घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा थंडी संपत आली होती. माझं पोट दिसायला लागलं होतं. माझ्या ताटात मात्र तेल-तूप पडत राहिलं. पेटी उघडीच असायची. भासऱ्यांनी जावेला किंवा मला बोट लावलं नाही. त्यांनी स्वतःच्या ताटातलं तेल-तूप बंद केलं. कोरडी भाकर आणि कांदा, दोन्ही वेळा. आणि राग म्हशींवर काढायला लागले. एकदा दूध काढताना म्हैस हलली तर तिला तुतारीने, बैल हाकायच्या आरीच्या काठीने, इतकं मारलं की तिच्या डोळ्यातून रक्त आलं, तो डोळा पुढे गेलाच. त्यांना बघितलं की म्हशी खुंट्याभोवती फिरायला लागायच्या. तुपाविषयी कोणी काही बोललं तर ते एवढंच म्हणायचे, "त्या डाक्टरनीले काय समजते. मी पाह्यलं हाय माझ्या डोळ्यानं."

आता मागे वळून बघताना मला वाटतं, तूप निर्दोष ठरल्याने सासूची सुटका झाली आणि ते अडकले. तूप नव्हे तर मग काय, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांना ऐकायचं नव्हतं.

मी बाळंतपणाला फुलसावंगीला गेले. मला मुलगी झाली. पेरण्या आटोपल्यावर, पोळ्याच्या तोंडावर सासरी परत आले. जावेचा मुलगा तोवर वरचं खायला लागला होता. मान धरत होता, पण आधाराशिवाय बसत नव्हता, रांगत नव्हता. त्याच्या वयाची गल्लीतली मुलं उभी राहायला लागली होती. यवतमाळला दाखवायला नेलं की डॉक्टरीण बजावून सांगायची, घाबरू नका, पण पातळ पाणी देऊ नका. पोट लहान असतं, त्यात डाळीचं पाणी भरलं तर दुसरं काही मावत नाही. प्रत्येक वेळी चमचाभर तूप किंवा तेल, शेंगदाण्याचं बारीक कूट, आणि अंड्याचा बलक. दोन वर्षांपर्यंत चरबी कमी करायचा विचारही करायचा नाही. जावेने अंगणात वेगळी चूल मांडली आणि माळकऱ्यांच्या अंगणात अंडं उकडलं. सासू त्या वेळेपुरती तोंड फिरवून बसायची, पण उठवलं नाही तिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले असतात, त्यावर हळद आणि तूप चोळतात. संध्याकाळचं ऊन होतं. माझा नवरा बैल धुऊन घेऊन आला. भासरे वाटी घेऊन स्वयंपाकघरात आले. जाऊ खाली बसून जवस कुटत होती, मुलगा सासूच्या मांडीला टेकून बसला होता, समोर खिचडीची वाटी. बरणीतलं तूप संपत आलं होतं. शेवटचं जावेने नुकतंच खिचडीवर घातलं होतं.

"तूप?" भासरे म्हणाले.

"सरलं," सासू म्हणाली. "लोनी कढवतो, थांब."

त्यांनी खिचडीच्या वाटीकडे बघितलं. "बैलाच्या खांद्याले तूप नाही, अन् याच्या नरड्यात ओतून राह्यले तुमी. मारा. हेबी मारा एक." वाटी त्यांनी पायाने उडवली. मग वाकून मुलाला एका दंडाला धरून उचललं. तो हवेत लोंबकळत राहिला. आधी रडलाच नाही, तोंड उघडून श्वास अडकलेला. काय करणार होते ते मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नसेल.

जाऊ उठली ती हातात लोखंडी बत्ता घेऊन. एकदाच मारला, त्यांच्या मनगटावर. लाकूड फुटावं तसा आवाज झाला. मुलगा सुटला, सासूने त्याला अंगावर झेलला. भासरे ओरडले आणि डावा हात जावेच्या गळ्याकडे नेला. सासू मुलाला माझ्याकडे टाकून दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"तुपानं नाही मेली ते," ती म्हणाली.

"आई, बाजूले हो."

"सकाळी हात दिसला. मी तुले म्हटलं, गाडी आन. तू म्हटलं, फवारणी होऊ दे, मजूर आले हायेत. उन्हं डोक्यावर आली तरी तू आला नाही."

त्यांनी तिला मारलं. स्वतःच्या आईला, डाव्या हाताने, तोंडावर. ती चुलीवर जाऊन पडली, तोंडातून रक्त आलं. उठून बसली आणि रक्त थुंकून पुन्हा तेच म्हणाली, प्रत्येक शब्द वेगळा करून. "दुपारपर्यंत. तू. गाडी. आनली. नाही."

तोवर माझा नवरा आत आला होता. त्याने या वेळी मिठी मारली नाही. भावाला खाली पाडलं, छातीवर गुडघा दिला आणि मारत राहिला. मला वाटलं हा आता थांबणार नाही. मी हाक मारली तरी थांबला नाही. भासरे प्रतिकार करत नव्हते. मोडका हात बाजूला पडलेला, डोळे छताकडे, आणि तोंडाने नुसतं बहिणीचं नाव घेत होते. शेवटी गल्लीतले लोक आले आणि त्यांनी दोघांना वेगळं केलं.

जाऊ त्याच संध्याकाळी मुलाला कडेवर घेऊन पोलीस ठाण्यात गेली. सासू फुटलेल्या तोंडाने सोबत गेली आणि आपल्याच मुलाविरुद्ध तिने स्वतः जबानी दिली. गावात त्यावरून पुष्कळ बोललं गेलं. केस अजून चालू आहे. भासरे त्यानंतर घरात राहिले नाहीत. शेतात एक झोपडी आहे, तिथे राहतात. हात नीट बसला नाही, मनगट वाकडं आहे. जाऊ घरातच राहिली. "मी कायले जाऊ," तिने पंचायतीत विचारलं होतं.

तिचा मुलगा उशिरा चालला, उशिरा बोलला. आता शाळेत जातो. जाड चष्मा आहे, वाचायला त्याला माझ्या मुलीपेक्षा जास्त वेळ लागतो, पण जे वाचतो ते विसरत नाही. आईच्या पोटात जे राहून गेलं त्यातलं किती मागाहून भरून आलं, हे मी डॉक्टरणीला एकदा विचारलं. ती म्हणाली, कोणालाच नेमकं सांगता येणार नाही.

मागच्या हिवाळ्यात भासरे एकदा फाटकाशी आले. तुरीच्या शेंगांची थैली हातात होती. जाऊ अंगण झाडत होती. मुलगा ओसरीवर पाटी घेऊन बसला होता, त्याने वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. ओळखलं की नाही, कळलं नाही.

"खाते काय तो?" भासऱ्यांनी विचारलं.

"खाते," जाऊ म्हणाली.

"काय खाते?"

"सगळंच खाते."

त्यांनी मान हलवली. थैली फाटकावर अडकवली आणि आले तसे शेताच्या वाटेने गेले. जावेने हातातलं झाडणं पूर्ण केलं. मग थैली उतरवून आणली, शेंगा सोलायला माझ्यापुढे ओतल्या, आणि म्हणाली, "सोल, होतील दाने. तेलावर परतून घेऊ लेकरायले."